जॉन्सनचं १९६५ चं भाषण कसं वाचायचं

आधी भाषण कधी नि कोणासमोर झालं ते बघा. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन १५ मार्च १९६५ ला काळ्यांच्या मतदानहक्काच्या कायद्यासाठी बोलला तेव्हा अलाबामातल्या सेल्मात हाच हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांवर लाठ्या पडून जेमतेम आठवडा झालेला, आणि समोर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, त्यात दक्षिणेतले या कायद्याचे विरोधक पण. मग पेन्सिल घेऊन रिपीट होणारी रचना अधोरेखित करा: प्रश्न काळ्यांचा नाही, दक्षिणेचा नाही, उत्तरेचा नाही, तर अमेरिकेचा, म्हणजे एकेक पळवाट बंदच करत जातो तो. सेल्माला लेक्सिंग्टन-काँकॉर्डच्या (अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध जिथे पेटलं ती गावं) रांगेत का बसवलं तेही विचारा. काळ्यांच्या हक्कांच्या आंदोलनातल्या गाण्याचं 'वुई शॅल ओव्हरकम' (आम्ही मात करूच) थेट राष्ट्राध्यक्षाच्या तोंडी, मला तर हीच सगळ्यात ताकदीची जागा वाटते! टेक्सासमधल्या कोटुलाच्या शाळेत त्याने तरुणपणी शिकवलेली गरीब मुलं मात्र कायद्याचे मुद्दे मांडून झाल्यावरच येतात, हा क्रम नक्की नोंदवा.