एनबीएचा 82 सामन्यांचा हंगाम कसा पाहावा

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि जूनमध्ये संपतो. 30 संघ आणि प्रत्येकाचे 82 सामने, म्हणजे साखळी फेरीतच 1,230 सामने होतात. आयपीएलप्रमाणे रोजचा सामना पाहण्याचा संकल्प येथे दिवाळीपर्यंतही टिकत नाही, त्यामुळे काय पाहावे यापेक्षा काय सोडावे हे आधी ठरवावे लागते.

पहिला निर्णय संघाचा आणि तो बराचसा आपल्या घड्याळावर अवलंबून असतो. न्यूयॉर्क किंवा बॉस्टन येथे संध्याकाळी 7 वाजता सुरू होणारा सामना भारतात पहाटे 4.30 वाजता दिसतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे गेली की तोच सामना मार्चपर्यंत पहाटे 5.30 वाजता येतो. पश्चिम किनाऱ्यावरील संघांचे घरचे सामने मात्र आपल्याकडे सकाळी साडेसात ते नऊच्या सुमारास सुरू होतात आणि तेथील शनिवारची रात्र ही आपली रविवारची सकाळ असते, त्यामुळे नोकरदार प्रेक्षकाला हे संघ सोयीचे पडतात. सॅक्रामेंटो किंग्ज हा त्यांपैकीच एक असून त्याचा मुंबईशी खरा संबंध आहे: संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये या संघाने इंडियाना पेसर्सविरुद्ध हंगामपूर्व दोन सामने खेळले होते. अर्थात 2006-07 पासून सलग 16 हंगाम हा संघ प्लेऑफपर्यंत पोहोचला नव्हता, हे ठाऊक असूनच त्याच्यावर जीव लावावा.

यानंतर गुणतक्ता वाचायला शिकावे. क्रिकेटच्या सवयीने आपण गुण आणि नेट रनरेट शोधतो. येथे दोन्ही नसतात. बरोबरी होत नाही, 48 मिनिटांत निकाल लागला नाही तर 5 मिनिटांचा जादा डाव होतो आणि गरज पडल्यास पुन्हा होतो, त्यामुळे तक्त्यात फक्त विजय, पराभव आणि विजयांचे प्रमाण असते. गोंधळ होतो तो आघाडीच्या संघापासूनचे अंतर दाखवणाऱ्या रकान्यात. समजा, अव्वल संघाचे 30 विजय व 10 पराभव आहेत आणि आपल्या संघाचे 25 विजय व 14 पराभव आहेत. विजयांतील फरक 5, पराभवांतील फरक 4. त्यांची बेरीज 9 आणि तिचे निम्मे साडेचार, म्हणजे आपला संघ साडेचार सामने मागे आहे. हा अर्धा सामना चुकून छापलेला नसून दोन्ही संघांचे सामने सारख्या संख्येने झालेले नसल्याची ती खूण असते.

तक्ता दोन कॉन्फरन्समध्ये विभागलेला असतो, पूर्व आणि पश्चिम, प्रत्येकी 15 संघ. 82 पैकी 52 सामने स्वतःच्या कॉन्फरन्समधील संघांशी होतात आणि समोरच्या कॉन्फरन्समधील प्रत्येक संघाशी फक्त दोन. दोन संघांची कामगिरी सारखी ठरली तर आधी त्यांच्यातील परस्पर सामन्यांचा निकाल पाहिला जातो. त्यामुळे आपल्या संघाच्या लगत वर किंवा खाली असलेल्या प्रतिस्पर्ध्याशी होणारा सामना, मग तो जानेवारीतला का असेना, पहाटे उठून पाहण्याच्या लायकीचा असतो.

सामना निवडल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. संघ सलग दुसऱ्या रात्री खेळत असेल, तर पाय जड झालेले असण्याची आणि मोठा खेळाडू विश्रांती घेण्याची शक्यता असते. आणि प्रत्येक संघाला सामन्याआधी जखमी खेळाडूंची यादी जाहीर करावी लागते, ती गजर लावण्यापूर्वी पाहिलेली बरी. 2023-24 पासून सर्वोत्कृष्ट खेळाडूसारख्या प्रमुख पुरस्कारांसाठी साधारणपणे 65 सामने खेळण्याची अट आल्यामुळे तारांकित खेळाडूंच्या सुट्ट्यांना थोडा लगाम बसला आहे. 2023 मध्येच सुरू झालेल्या हंगामांतर्गत चषकाचे सामने, अंतिम लढत वगळता, साखळी फेरीतच मोजले जातात, म्हणून त्याचा वेगळा हिशेब ठेवण्याची गरज नाही.

एप्रिलमध्ये मात्र लक्ष द्यावे. प्रत्येक कॉन्फरन्समधील पहिले सहा संघ थेट प्लेऑफमध्ये जातात आणि सातव्या ते दहाव्या क्रमांकाचे संघ प्ले-इन खेळतात. सातवा आणि आठवा संघ भिडतात आणि विजेत्याला सातवे स्थान मिळते. नववा आणि दहावा भिडतात आणि हरणारा घरी जातो. मग पहिल्या लढतीत हरलेला व दुसरीत जिंकलेला यांच्यात आठव्या स्थानासाठी सामना होतो. ही रचना समजून घ्यायला 2023 मधील मायामी हीटचे उदाहरण पुरेसे आहे. 44 विजय आणि 38 पराभव अशी बेताची कामगिरी असलेला हा संघ अटलांटाकडून घरच्या मैदानावर हरला, शिकागोला हरवून कसाबसा आठवा ठरला आणि पहिल्याच फेरीत 58 सामने जिंकलेल्या मिलवॉकीला त्याने 4-1 असे बाहेर काढले. पुढे न्यूयॉर्क, आणि मग 3-0 अशी आघाडी 3-3 होऊ देऊनही सातव्या सामन्यात बॉस्टनला त्यांच्याच मैदानावर हरवून मायामी अंतिम मालिकेत पोहोचला, जिथे डेन्व्हरने त्याला 4-1 असे नमवले.

प्लेऑफची प्रत्येक फेरी सात सामन्यांची असते आणि चार विजय मिळवणारा पुढे जातो. पहिले दोन सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरी, पुढचे दोन दुसऱ्याच्या घरी आणि त्यानंतर गरज पडेल तसे आलटून पालटून. अंतिम मालिकेत मानांकनाऐवजी साखळीतील विजयांची तुलना होते. डेन्व्हरचे 53 आणि मायामीचे 44 म्हणून मालिका डेन्व्हरमध्ये सुरू झाली. नवख्या प्रेक्षकाने पहिल्या फेरीतील सगळ्या मालिकांमागे धावू नये. एखादी निवडून तिचे सर्व सामने पाहावेत, कारण पहिल्या सामन्यात ज्याने सहज बास्केट केले त्या खेळाडूला तिसऱ्या सामन्यात कसे रोखले जाते, कोणाला बाकावर बसवले जाते आणि प्रशिक्षक कोणता बचाव बदलतात, हे सलग पाहिल्याशिवाय कळत नाही. अंतिम मालिकेचे बहुतेक सामने भारतात सकाळी 6 च्या सुमारास सुरू होतात, आणि जून महिन्यात त्या वेळी बाहेर उजाडलेले असते.