थर्मासमधले हरभरे: श्वसनाची उष्णता घरी कशी मोजावी

फडक्यात बांधलेली कडधान्याची पुरचुंडी दुसऱ्या दिवशी उघडली की हाताला किंचित ऊब लागते. ही ऊब बाहेरच्या हवेची नाही, दाण्यांची स्वतःची आहे. पेशी साखर वापरून ऊर्जा काढतात, म्हणजे श्वसन करतात, तेव्हा ती सुटते. ती मोजायचा प्रयोग मी नववी-दहावीच्या मुलांकडून इतक्या वेळा करून घेतलाय की तो कुठे फसतो ते झोपेतही सांगेन. वाचायला सोपा वाटतो: एका थर्मासमध्ये मोडाचे हरभरे, दुसऱ्यात उकळून मारलेले, दोन्हीत थर्मामीटर. पहिल्यातलं तापमान वाढतं, दुसऱ्यातलं वाढत नाही. पण प्रत्यक्षात दुसरंही वाढतं, मुलं गोंधळतात आणि मग वहीत ‘अपेक्षित’ आकडे उतरतात.

साहित्य साधंच आहे. पाव किलो गावरान हरभरे, अर्ध्या लिटरचे दोन सारखे थर्मास, स्वच्छ कापूस आणि प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर, लाल अल्कोहोलचे मिळाले तर उत्तम. ताप मोजायचं काचेचं थर्मामीटर इथे कुचकामी आहे, कारण त्याची पट्टी 35 अंशांपासून सुरू होते आणि चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. आधी दोन्ही थर्मामीटर एकाच पेल्यातल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. एक 27 दाखवेल, दुसरं 28. हा फरक पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर पुढे त्यालाच ‘निष्कर्ष’ म्हणाल.

उसळीला मूग-मटकी, प्रयोगाला हरभरे. मूग उकळताना फुटतात, पिठूळ पाणी सोडतात, आणि ते का नको ते पुढे कळेल.

हरभरे रात्रभर भिजवा, निथळा, फडक्यात बांधा, बारीक मोड दिसेपर्यंत ठेवा. हे कोणाला शिकवायची गरज नाही. फक्त बांधण्याआधी, वरचे जिवाणू मारायला, ते एकदा ब्लीचच्या पाण्यातून काढायचे आहेत. बाजारातलं साधं, वास न घातलेलं पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात दहा मिनिटं, मग तीन-चार पाण्यांनी खळखळून धुवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचमध्ये संडास धुवायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. जुन्या प्रयोगवह्यांत या कामाला फॉर्मॅलिन हे विषारी जंतुनाशक लिहिलेलं असतं. घरात ते आणूच नका.

मोड आले की सगळ्या हरभऱ्यांचे वजन करून दोन सारखे वाटे करा. एक वाटा जिवंत राहील, दुसरा मारायचा.

आता खरी मेख. दुसऱ्या थर्मासला आम्ही वर्गात ‘मेला थर्मास’ म्हणतो, आणि तो नावासारखाच वागतो. मी पहिल्यांदा हा प्रयोग मांडला तेव्हा हरभरे चांगले वीस मिनिटं खदखदून उकळले, चाळणीत ओतले आणि थर्मासमध्ये भरले. पहिल्या दिवशी मेल्या थर्मासचं तापमान जिवंतापेक्षा चार अंश जास्त! कारण साधं होतं. दाणे बाहेरून गार लागत होते, आतून गरम होते, आणि थर्मास आपलं काम चोख करत होता. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा चढू लागला. कापूस काढला तर आंबूस भपकारा आला आणि दाण्यांवर चिकट साय दिसली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हरभरे मेले होते, पण त्यांच्यावर जिवाणूंची पंगत बसली होती. जिवाणूही जगतात, श्वसन करतात, उष्णता सोडतात. ओल्या सोयाबीनची गंजी आतून का तापते हे शेतकऱ्याला विचारा. तिथलीही बरीचशी करामत याच मंडळींची.

‘उकळलं म्हणजे निर्जंतुक झालं’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. उकळीने हरभरा मरतो, बहुतेक जिवाणूही मरतात, पण काहींचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली त्यांची सुप्त रूपं, उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिवाय उकळून झाल्यावर आपलीच चाळणी, आपलेच हात आणि कालपर्यंत चहा भरलेला थर्मास असतोच. तेव्हा मी सांगते तसंच करा. उकळी फुटल्यावर दहाच मिनिटं ठेवा, दाणा फुटता कामा नये. फुटला की आतला स्टार्च बाहेर येतो आणि पंगतीला वाढून दिल्यासारखं होतं. मग उकळून गार केलेल्या पाण्यात दाणे पूर्ण थंड होऊ द्या. एक दाणा मधोमध चिरून ओठाला लावून पाहा, जरासाही कोमट लागला तर थांबा. नंतर पुन्हा दहा मिनिटं ब्लीचचं पाणी आणि उकळून गार केलेल्या पाण्याने धुणं. दोन्ही थर्मासही आतून तसेच धुवा. एवढं करूनही मेला थर्मास कायमचा गप्प बसत नाही. मी 48 तासांपुढचे आकडे धरत नाही, आणि तुम्हीही धरू नका.

भरताना थर्मामीटरचा फुगा दाण्यांच्या मधोमध येऊ द्या, काचेला टेकवू नका. तोंडाला रबरी बूच आवळून लावायचं नाही, कापसाचा सैल बोळा लावायचा. बूच लावलं की आतला ऑक्सिजन संपतो, दाणे विनॉक्सी श्वसनावर येतात, थोडं अल्कोहोल होतं आणि उष्णता फारच कमी मिळते. थर्मास मान खाली करून तिरका ठेवा, म्हणजे हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड कापसातून बाहेर ओघळेल. तो खरंच निघतोय का पाहायचं तर तोंडाशी चुन्याच्या निवळीची वाटी धरा, दुधाळ होते.

दोन्ही थर्मास एकाच खोलीत, उन्हापासून दूर ठेवा. सकाळ, दुपार, रात्र आकडे लिहा, आणि खोलीचं तापमानही लिहा.

गेल्या खेपेस खोली 27 वर असताना जिवंत थर्मास दुसऱ्या दिवशी 33 वर पोहोचला, मेला 27 आणि 28 च्या मध्ये घुटमळला. इथे मुलं हमखास म्हणतात, ‘बाई, थर्मासने हरभरे तापवले.’ थर्मास काहीही तापवत नाही. त्याच्या दोन भिंतींमधली पोकळी आणि चांदीसारखा मुलामा उष्णतेला बाहेर पडू देत नाहीत, एवढंच. तेच मोडाचे हरभरे ताटलीत पसरा. ते तेवढंच श्वसन करतील, तेवढीच उष्णता सोडतील, पण थर्मामीटर ढिम्म हलणार नाही, कारण आलेली उष्णता लगेच हवेत जाते. उष्णता किती तयार झाली आणि तापमान किती चढलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला ज्यूलमध्ये मोजायचा, दुसरा अंशांत.

हिशेबच करून पाहा. पाव किलो कोरडे हरभरे भिजून साधारण दुप्पट होतात, म्हणजे एका थर्मासमध्ये सुमारे 250 ग्रॅम. हे 250 ग्रॅम ओले हरभरे पाण्यासारखेच धरले तर 6 अंश चढायला 250 × 4.2 × 6, म्हणजे 6300 ज्यूल लागतात. 180 ग्रॅम ग्लुकोज ऑक्सिजनसोबत पूर्ण वापरलं गेलं तर सुमारे 2870 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ग्रॅममागे जवळपास 16 किलोज्यूल. म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी साखरेत काम झालं. कापसातून निसटलेली उष्णता धरली तर त्याहून जास्त. एवढी चिमूटभर साखर दाण्यांनी आपल्याच साठ्यातून काढून वापरली, कुठेही ज्योत नाही, धूर नाही.

ही सगळी ऊर्जा एकदम उष्णता होत नाही. साधारण एक तृतीयांश एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूत साठते, बाकीची तिथेच उष्णता होऊन सुटते. दाणा वाढताना ते एटीपी खर्च झालं की त्यातलाही बराच भाग शेवटी उष्णताच होतो. पुस्तकात एका ग्लुकोजमागे 38 एटीपी असतील तर परीक्षेत 38 च लिहा, पण आजचे हिशेब 30 ते 32 च्या आसपास येतात हे मनात असू द्या. आणि उत्तरात ‘श्वासोच्छ्वास’ लिहू नका. हरभऱ्याला फुप्फुसं नाहीत. जे चाललंय ते पेशीत, आणि त्यातला मोठा भाग पेशीतल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात).

प्रयोग संपला की दोन्ही थर्मासमधले हरभरे कुंडीतल्या मातीत पुरून टाका. उसळीचा मोह नको, त्यांना ब्लीच लागलेलं आहे.