या चुका टाळा: स्पर्धेसाठी कुत्रा निवडताना

पिल्लू घरी आणून झालं की लोक मला फोन करतात. आणायच्या आधी कोणी करत नाही. "दादा, पेपरवालं आहे, बाप चॅम्पियन आहे, ह्याला आयजीपी करायचंय, किती महिने लागतील?" मी विचारतो, निवडलं कशावरून? उत्तरं ठरलेली. सगळ्यांत मोठं होतं. डोकं जड होतं. एकच उरलं होतं. नाहीतर, "धावत माझ्याकडेच आलं हो!"

देवगडच्या सड्यावर आमची कलमं आहेत. आंब्याचा हंगाम सोडला तर बाकीचा वेळ कुत्र्यांचा. भात कापून झालं की रिकाम्या कुणग्यांत माग काढायला शिकवायचं, मांगराशेजारच्या सपाटीवर आज्ञापालन. ह्या कामात माणसांकडून होणाऱ्या चुका इतक्या त्याच त्याच आहेत, की आता एकदाच लिहून टाकतो. पुढच्या फोनला हेच पाठवीन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयजीपी म्हणजे कामाच्या कुत्र्यांची परीक्षा आणि स्पर्धा. तिच्यात तीन भाग असतात: माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकी १०० गुण, एकूण ३००, आणि पास व्हायला प्रत्येक भागात किमान ७० लागतात. आधी ह्याला शुट्झहुंड म्हणत, मग आयपीओ, आणि २०१९ पासून आयजीपी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हे सुरू झालं ते करंडक वाटायला नव्हे. कुठल्या जर्मन शेफर्डची पुढे पैदास करावी आणि कुठल्याची नाही, हे ठरवायला. म्हणजे ही मुळात निवडीचीच परीक्षा, आणि आपल्याकडे लोक निवड सोडून बाकी सगळं करतात.

गुरगुरतो म्हणून धाडसी समजणं

ही चूक माझ्या सगळ्यांत डोक्यात जाते, म्हणून आधी तिचंच.

कणकवलीकडचे एक हॉटेलवाले गृहस्थ जूनमध्ये बोलेरोतून कुत्रा घेऊन आले. चौदा महिन्यांचा जर्मन शेफर्ड, नाव टायगर. (असे कुत्रे नेहमी टायगरच असतात.) "आमच्या खळ्यात पोस्टमन पाय ठेवत नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. आतून कुत्रा काच फुटेल असा भुंकत होता.

त्याला खाली उतरवला. मी लांबून बघत होतो. दर भुंकण्याला मागचे पाय बोटभर मागे सरकत होते. कान डोक्याला चिकटलेले. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत केस उभे. शेपटी अजून पोटाखाली गेली नव्हती, पण जायच्या वाटेवर होती. मी काहीच बोललो नाही, गडग्यावर जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसलो. तेवढ्यात सर आली. गवत कापायला येणारे आबा मांगरातून बाहेर पडले आणि त्यांनी छत्री उघडली. जुनी, काळी, लांब दांड्याची. फट्ट.

टायगर बोलेरोखाली.

चाळीस मिनिटं लागली बाहेर काढायला. आबांनी छत्री मिटली, वाकून गाडीखाली बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेबांनू, ह्यो चावणारो नाय, भियणारो कुत्रो हा."

साहेबांना ते लागलं. मी तेच जरा गोड शब्दांत सांगितलं, तर मलाही आबांच्या पंक्तीत बसवून ते निघून गेले. पुढे त्यांना "महिन्याभरात बाइट चालू करून देतो" म्हणणारा कोणीतरी भेटला. असा माणूस नेहमी भेटतो. त्याने कुत्र्याला कोपऱ्यात घेतलं, काठी आपटली आणि नाइलाजाने तो स्लीव्ह, म्हणजे माणसाच्या हातावरचं जाड आवरण, धरायला लागला. त्याचे व्हिडिओ मला आले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय जबरदस्त. पण भित्रा कुत्रा त्यातून एकच गोष्ट शिकतो: दात लावले की माणूस लांब जातो.

चतुर्थीला घर चाकरमान्यांनी भरलं. खळ्यात चपलांचा ढीग, आत आरतीच्या झांजा, बाहेर पोरांचे फटाके. पुण्याहून आलेला पुतण्या आपली चप्पल उचलायला टायगरजवळ वाकला. हाताला सात टाके आणि रेबीजच्या इंजेक्शनांचा अख्खा कोर्स. टायगर आता त्यांच्या काजूच्या बागेत असतो, दिवसाला दोन माणसं दिसतात, मजेत आहे. कुत्रा चांगलाच होता. त्याला भलत्या परीक्षेला बसवलं होतं.

आज्ञापालनाच्या भागात मैदानावर पिस्तुलाचे बार काढतात. बाराला घाबरणारा कुत्रा तिथेच बाद होतो, मग बाकीचं काम सोन्यासारखं असलं तरी. सुतळी बॉम्ब ऐकून पलंगाखाली जाणाऱ्या कुत्र्याचा माणूस मला विचारतो, "सवय होईल ना?" थोडी होते. परीक्षेपुरती होत नाही.

मग बघायचं काय? दचकलेलं मला चालतं. दचकल्यानंतर काय करतो, ते बघायचं. पिल्लं बघायला जाताना माझ्या पिशवीत तीन वस्तू असतात: स्टीलचं ताट, जुना पंचा आणि सुक्या बोंबलाचा तुकडा. एकेक पिल्लू भावंडांपासून वेगळं काढून त्याने कधी न बघितलेल्या जागी सोडायचं, मिनिटभर काही करायचं नाही. मग पाचसहा पावलांवर ताट टाकायचं आणि मनात आकडे मोजायचे. दहाच्या आत ताटाचा वास घ्यायला आलं तर उत्तम. ताटात पाय घालून उभं राहिलं तर मी मनातल्या मनात नाव ठेवून मोकळा. मिनिट झालं तरी कोपरा सोडत नाही, ते घरी पाळायला घ्या, मैदानासाठी नको.

मग पंचा जमिनीवरून ओढायचा. पिल्लाने धरला की हलकेच ताणायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या बरगडीवर थोपटायचं. सोडतं की आणखी घट्ट धरतं? शेवटी बोंबील गवतात टाकायचा. काही पिल्लं तीन सेकंद शोधतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. एखादं नाक खाली घालून दीड मिनिट तिथेच घोटाळत राहतं. मला ते हवं. पहिल्या पायरीच्या परीक्षेतसुद्धा ३०० पावलांचा, निदान वीस मिनिटं जुना माग असतो. वरच्या पायरीला ६०० पावलांचा, दुसऱ्याच माणसाने टाकलेला आणि तासभर जुना. तिथे तोंडाकडे बघून काही मिळत नाही.

एकदा आचऱ्याला असंच चालू असताना माडावरून सुकी झावळी धाडकन खाली आली. पाच पिल्लं पाच दिशांना. त्यातलं एक परत आलं, झावळीचं टोक धरलं आणि तिला ओढायला लागलं. ताट पिशवीतच राहिलं.

आता ह्यावर विसंबून राहायची चूकही करू नका. ४९व्या दिवशी परीक्षा घ्यायची आणि गुण मांडायचे, ही पद्धत बऱ्याच जणांना पाठ असते. पण सात आठवड्यांच्या पिल्लावरून मोठेपणीचा कुत्रा नेमका सांगता येत नाही. पोट भरून पेंगुळलेलं पिल्लू आणि भुकेलेलं तेच पिल्लू, दोन वेगळे प्राणी असतात. म्हणून मी दोनदा जातो, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. ह्या सगळ्यातून अगदीच नको ती पिल्लं गळतात, एवढाच उपयोग. खरंच स्पर्धा करायची असेल तर दहा ते चौदा महिन्यांचा कुत्रा बघा. जे आहे ते समोर दिसतं. लोक म्हणतात, मोठ्या कुत्र्याला लळा लागत नाही. आठवडाभर स्वतःच्या हाताने जेवण घालून बघा आणि मग बोला.

खुबे न बघणं

ही चूक माझी स्वतःची.

मैना नावाची कुत्री होती माझ्याकडे. झावळीवालीसारखीच, किंबहुना जास्त. चेंडूसाठी विहिरीत उडी टाकेल अशी. मी इतका हरखलो होतो की आईबापांच्या खुब्यांचे एक्सरे काढलेत का, हे विचारलंच नाही. विकणाऱ्यानेही सांगितलं नाही. आठव्या महिन्यात तिला अडथळ्यावरून उड्या मारायला लावल्या. जमतंय ना, मग कशाला थांबा? तेव्हा मीही घाईवालाच होतो.

चौदाव्या महिन्यात ती अडथळ्यापुढे थांबायला लागली. मला वाटलं, नाटक. आवाज चढवला, पट्टा खेचला. ती माझ्याकडे बघायची, एकदा शेपटी हलवायची आणि उडी मारायची. उतरल्यावर मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायची. मी ते रोज बघत होतो आणि मला ते दिसत नव्हतं.

शेवटी फोंडा घाट चढून कोल्हापूरला नेली. गुंगी देऊन, मागचे पाय सरळ ताणून एक्सरे काढतात. डॉक्टरांनी काच उजेडावर लावली. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत गच्च बसायला हवा, तो डावीकडे जवळजवळ बाहेर होता. घाट उतरताना मी गाडीत एक शब्द बोललो नाही. ती मागे झोपली होती, माझ्या गळपट्ट्यावर.

तेव्हापासूनची माझी सवय: आईबाप दोघांच्या खुब्यांचा निकाल कागदावर बघितल्याशिवाय पिल्लाला हातसुद्धा लावायचा नाही. एफसीआयच्या, म्हणजे कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, पद्धतीत ए ते ई अशा श्रेण्या असतात, ए निर्दोष, ई सगळ्यांत वाईट. "आमच्याकडे कोणाला त्रास नाही" हे उत्तर कागद नव्हे. आईबाप चांगले असले तरी पिल्लाची खात्री नसतेच, म्हणून बारा महिने झाले की आपल्या कुत्र्याचाही एक्सरे, आणि तो येईपर्यंत उड्या बंद. मोठ्या जातींची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. घाई कसली? आयजीपीची पहिली पायरीसुद्धा अठरा महिन्यांच्या आत देता येत नाही, आणि त्याआधी बीएच ही आज्ञापालनाची आणि वागणुकीची प्राथमिक परीक्षा पास व्हावी लागते, तिला पंधरा महिने. नियम करणाऱ्यांना थांबायचं कळलं, आपल्याला कळत नाही.

व्हिडिओ बघून मॅलिनॉय घेणं

मॅलिनॉय म्हणजे बेल्जियन शेफर्डचा एक प्रकार. सीआरपीएफकडे आहे म्हणून हवा. अहो, तिथे कुत्र्यामागे हँडलर असतो आणि त्याची नोकरीच ती असते. तुम्ही नऊला दुकान उघडता, रात्री नऊला बंद करता. मधल्या बारा तासांत मॅलिनॉय काय करणार? ओळखीतल्या एकाच्या मॅलिनॉयने सागवानी दाराची चौकट खाल्ली, मग पंपाची वायर. पहिलाच कुत्रा असेल तर घेऊ नका. ह्यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

कोकण विसरणं

कुत्रा माणसासारखा अंगभर घाम गाळत नाही, धापा टाकून अंग थंड करतो. हवेत ओल भरलेली असली की त्या धापांचा उपयोग कमी होतो. मार्चपासून सकाळी सातनंतर आमच्याकडे काम बंद. दाट दुहेरी केसांचा, अंगाने जड कुत्रा इथे मेहनत करतो खरा, पण अर्धीच. पावसाळ्यात त्याची कातडी सुकत नाही, बुरशी धरते. गोचीड-ताप आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तर घरचेच पाहुणे, लेप्टोची लस दरवर्षी द्या, चुकवू नका. सड्यावर माग काढायला शिकवत असाल तर जांभ्याच्या सुट्या दगडांपासून लांब राहा. नाक जमिनीला लावून चालणारा कुत्रा आणि दगडाखाली बसलेलं फुरसं, ही भेट नको. रात्री कुत्रा खळ्यात बांधू नका, बिबटे कुंपण मोजत नाहीत.

बाकीच्या, भराभर

मुधोळ हाउंड घेऊन त्याला मागावर घालणं. तो डोळ्याने शिकार करणारा धावरा कुत्रा आहे. त्याला पळू द्या.

एकाच वेताची दोन पिल्लं घेणं, "एकमेकांना सोबत होईल" म्हणून. होते. मग तुमची गरज उरत नाही.

बापावर भाळणं. बाप फोटोत असतो, आई समोर असते. अनोळखी माणूस अंगणात आल्यावर आई काय करते ते बघा. तिला आत बांधून ठेवली असेल तर का, ते विचारा.

शो लाइन, म्हणजे प्रदर्शनासाठी पैदास केलेला वंश, घेऊन वर्किंगची, म्हणजे मैदानातल्या कामाची, अपेक्षा करणं. ढाळलेली पाठ रिंगणात मिरवायला असते.

केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे कागद "मागाहून पाठवतो". ते मागाहून येत नाहीत. कुत्र्याच्या कातडीखालच्या चिपचा नंबर कागदाशी तिथेच ताडून बघा, आणि ज्या स्पर्धेत उतरायचंय तिचा नोंदणीचा नियम आधी वाचा.

फोटोवरून ठरवून पिल्लू ट्रेनने मागवणं. ह्यावर मी लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

आणि पहिल्याच भेटीत पैसे देणं. सहा आठवड्यांचं पिल्लू मांडीवर घेतलं की कोणाचीही अक्कल चालत नाही, माझीही नाही. पूर्वी मी पाकीट घरी ठेवून जायचो. आता सगळं फोनवर आलं, म्हणून गाडीतून उतरताना फोन बायकोच्या हातात देतो आणि तिला सांगतो, मी कितीही गयावया केली तरी आज द्यायचा नाही. गेल्या खेपेला तिने दिला नाही. मी परतीच्या वाटेवर कुणकेश्वरपर्यंत फुगून बसलो होतो.