विंडो मॅनेजरच्या कॉन्फिगसाठी लुआ: माझा अनुभव

सी भाषेत लिहिलेल्या माझ्या विंडो मॅनेजरचं (स्क्रीनवरच्या खिडक्यांची मांडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) सगळं कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्ज, हेडर फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या कोडमध्येच होतं. एक शॉर्टकट बदलला तरी पुन्हा कंपाइल करा, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम नव्याने तयार करा. पायथन जोडून पाहिलं, पण एवढ्याशा कामाला ते फार जड वाटलं. मग लुआ घेतली. १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मलेली ही छोटी भाषा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सहज बसते.

खरी अडचण पुढेच आली. कॉन्फिगमध्ये एका फंक्शनचं नाव चुकलं आणि उघड्या खिडक्यांसकट अख्खं सेशन कोसळलं. कारण सीमधून लुआचं फंक्शन चालवायला मी लुआ_कॉल वापरलं होतं; त्यात झालेली चूक कोणी पकडली नाही, की प्रोग्रॅमच बंद पडतो. त्याजागी लुआ_पीकॉल घातलं, की चूक परत हातात येते, प्रोग्रॅम चालूच राहतो. आता कॉन्फिग रीलोड करताना वेगळी लुआ स्टेट, म्हणजे लुआचं स्वतंत्र चालतं वातावरण, उघडतो. फाइल तिथे नीट चालली तरच जुनी बंद करतो. तोवर जुने शॉर्टकट शाबूत.