पात्राचा आवडता रंग नको, महिन्याचा जमाखर्च लिहा

कथा लिहायला बसलेल्या नवख्याला कुणी ना कुणी एक प्रश्नावली हातात देतंच. पात्राची रास, आवडता रंग, लहानपणीची भीती, छंद. मीही अशी पानंच्या पानं भरली, बरीच वर्षं. या प्रश्नावलीची वाईट बाजू ही, की ती भरताना काम झाल्यासारखं वाटतं. पात्र मात्र जागचं हलत नाही, कारण आवडत्या रंगापायी कुणाला पहाटे उठून कुठे जावं लागत नाही.

त्यापेक्षा त्याचा जमाखर्च मांडा. समजा, एसटीचा वाहक आहे. पगारातून पतपेढीचा हप्ता किती कापला जातो? आईच्या औषधांना किती लागतात? मेहुण्याचे उसने कधी फेडायचे? गाडी मुक्कामी असली तर रात्री तो घरी नाही. मग पोराला ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं? ड्युटी संपल्यावर आगारात कॅश कमी भरली, तर फरक त्याच्याच खिशातून जाणार. एवढं ठरलं की पंधरा रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट पुढे करणाऱ्याला तो काय बोलेल, हे वेगळं सुचवावं लागत नाही. त्याच गाडीत मेहुणा चढला तर आवाज कसा खाली येईल, हेही कळतं. काळ तेवढा तपासा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्याआधीच्या गोष्टीतली आई लेकीकडे निघताना पूर्ण भाड्याचा विचार करणार.

यासाठी लागणारी माहिती फुकट पडलेली आहे. जुन्या गावात कुणाचं कुणाशी काय देणंघेणं होतं, यासाठी त्रिं. ना. आत्रे यांचं ‘गावगाडा’ (१९१५) वाचाच. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावनिहाय शाळा, दवाखाना, बस आहे का, नसली तर पाच किलोमीटरच्या आत की दहाच्या पलीकडे, हे सापडतं. नावांसाठी मतदार यादी बघा, नाव आणि वय शेजारीशेजारी असतं. कुठल्या पिढीत सुमन, कुठल्या पिढीत स्नेहल, लगेच दिसतं. नाव एकीचं आणि आडनाव दुसरीचं घ्या, जिवंत माणूस जसाच्या तसा उचलू नका. बोली मात्र कोशातून घेऊ नका, कृत्रिम होते. संवाद त्या भागातल्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या.

महिन्याभरात कादंबरी शिकवणाऱ्या कार्यशाळांना पैसे देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘पात्र आणखी वेगळं कर’ म्हणणारा गुरूही नको. ‘याच्याकडे एवढे पैसे आले कुठून?’ असं विचारणारा एक वाचक जवळ असला की पुरे.

सुरुवातीची पात्रं पुठ्ठ्याची वाटतील. घाबरू नका, सगळ्यांचीच तशी असतात. तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात ती तुमच्याशी वाद घालू लागतात. फक्त जमाखर्चाचा कागद कथेत ओतू नका. माझ्या वाहकाच्या कथेत त्यातला एकटा मेहुणाच आला.