व्हेरिएबलला नाव कसं द्यावं? कापसाच्या हिशेबातून शिकूया

प्रोग्रामिंग शिकताना पहिला प्रोग्राम घरच्याच हिशेबाचा करावा. हिंगणघाट, वणी किंवा अकोटच्या बाजारात कापूस गेला, काटा झाला, आता चुकारा किती येणार? पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत हे एका ओळीचं काम आहे (* म्हणजे गुणाकार):

ह = क * भ

ह, क, भ ही व्हेरिएबल, म्हणजे आकडे साठवायला दिलेली नावं. उत्तर येईल. पण पुढच्या हंगामात हीच फाईल उघडली की क म्हणजे कापूस, कट्टे की किलो, हे शोधत बसावं लागेल.

आधी एकक ठरवा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. काट्यावर वजन किलोत येतं, भाव मात्र क्विंटलचा असतो. १८४० किलो तसेच टाकून ७००० च्या भावाने गुणले, तर रक्कम होते १ कोटी २८ लाख ८० हजार. खरा चुकारा १ लाख २८ हजार ८०० रुपयांचा. कॉम्प्युटरला किलो-क्विंटल कळत नाही, तो फक्त गुणाकार करतो. म्हणून एकक नावातच घाला:

चुकारा = वजन_क्विंटल * भाव_प्रति_क्विंटल

आता या ओळीत कोणी किलो टाकले तर वाचतानाच खटकतं. शेताचंही तसंच. बोलताना आपण एकर म्हणतो, सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, आणि १ हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. नुसतं 'क्षेत्र' नको. क्षेत्र_एकर किंवा क्षेत्र_हेक्टर लिहा. १९९९ साली नासाचं मंगळाकडे गेलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान अशाच एककांच्या घोळात गमावलं गेलं.

मग वस्तू नेमकी सांगा. जिनिंगचा हिशेब असेल तर कापूस वेगळा, रुई वेगळी, सरकी वेगळी. तिथे 'वजन' पुरत नाही, रुई_वजन_किलो हवं. लांब नावाला घाबरू नका, पण अख्खं वाक्यही करू नका.

एका गोष्टीला एकच नाव. एकीकडे भाव, दुसरीकडे दर, तिसरीकडे रेट असं नको. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, आणि शिकताना ती जरूर वापरावीत. मात्र ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. वेचणीची मजुरी रोजच्या रोज जमा करणाऱ्या लूपमधली (लूप म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रामचा भाग) ही ओळ बघा:

एकुण_मजुरी = एकूण_मजुरी + आजची_मजुरी

डावीकडे 'कु' ऱ्हस्व, उजवीकडे 'कू' दीर्घ. पायथनसाठी ही दोन वेगळी व्हेरिएबल झाली. सुरुवातीला एकूण_मजुरी शून्य ठेवली असेल तर ती शेवटपर्यंत शून्यच राहते, आणि प्रोग्राम एकही चूक दाखवत नाही. अशी चूक शोधताना डोळे दुखतात. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तरी हा धोका आहेच, कारण तिथे लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. गटात किंवा कंपनीत काम करताना मात्र तिथे जी पद्धत असेल तीच पाळा.

बाकीचं थोडक्यात. नावात मोकळी जागा चालत नाही, अंकाने सुरुवात चालत नाही. शब्द जोडायला पायथनमध्ये अंडरस्कोअर (_) वापरायची पद्धत आहे. एक असेल तर पावती, यादी असेल तर पावत्या. हो-नाहीच्या व्हेरिएबलला चुकारा_मिळाला असं सरळ नाव द्या. चुकारा_मिळाला_नाही ठेवलं की पुढे 'नाही'चं 'नाही' करताना डोकं फिरतं. सम, लिस्ट, मॅक्स ही पायथनची स्वतःची इंग्रजी नावं आपल्या व्हेरिएबलला देऊ नका, नाहीतर ती मूळ सोय त्या प्रोग्राममध्ये हाताशी राहत नाही.

जुन्या प्रोग्राममधली नावं सुधारायची असतील तर एकेक शोधून बदलू नका. व्हीएस कोड या प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पायथनचं एक्स्टेन्शन (जोड-सुविधा) टाकून नावावर कर्सर ठेवा आणि एफ२ दाबा. ते व्हेरिएबल जिथे जिथे आहे तिथे सगळीकडे बदलतं. मग मागच्या हंगामातली एखादी पावती घ्या, तिचे आकडे टाका आणि चुकारा जुळतो का ते तपासा.