प्लॉटशेजारी टॉवर लाइन? घेताना-विकताना या चुका टाळा

'वरून लाइन जाते ना, म्हणून स्वस्त आहे,' एवढं ऐकून काही जण लगेच टोकन देतात, तर काही जण तेवढ्यावरच पाठ फिरवतात. लोणीकंद, फुरसुंगी, चाकण, पडघे अशा विजेच्या उपकेंद्रांभोवती वस्ती पसरत गेली तशी ही घासाघीस नेहमीची झाली. नेमकी कुठली लाइन, किती लांब आणि कागदावर काय, हे सांगता आलं नाही की भाव गरजेपेक्षा जास्त घसरतो.

पहिली चूक म्हणजे दिसेल त्या तारेला 'हाय टेन्शन' म्हणणं. गल्लीतल्या खांबांवरची ११ किंवा २२ केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन वेगळी आणि जाळीदार मनोऱ्यांवरची १३२, २२० किंवा ४०० केव्हीची वेगळी. पहिली सहसा महावितरणची, दुसरी बहुतेकदा महापारेषणची, म्हणजे मोठ्या लाइनी सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीची. मनोऱ्यावरच्या धोक्याच्या फलकावर व्होल्टेज लिहिलेलं असतं. फलक गंजला असेल तर तार ज्या माळेला टांगलेली असते तिच्यातल्या चकत्या मोजा. नऊ-दहा असतील तर १३२, तेरा-चौदा असतील तर २२० केव्ही, हा ढोबळ अंदाज. काही लाइनींना आता एकसंध पॉलिमरचे इन्सुलेटर असतात, तिथे ही युक्ती चालत नाही.

सगळ्यात महाग पडते ती अंतरांची गल्लत. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे २२० केव्हीच्या तारेपासून इमारत आडवी किमान ३.८ मीटर आणि उभी किमान ५.५ मीटर लांब हवी. एजंट हेच आकडे तोंडावर फेकतो. मात्र वाऱ्याने तार जास्तीत जास्त झुलली आहे आणि उन्हाने, भाराने जास्तीत जास्त खाली आली आहे असं धरून हे अंतर मोजायचं असतं. थंडीतल्या सकाळी टेप लावून उपयोग नाही. शिवाय लाइनीखाली बांधकामाविना मोकळा ठेवायचा पट्टा असतो तो निराळाच: २२० केव्हीला ३५ मीटर, १३२ ला २७. आता ३० बाय ४० फुटांचा प्लॉट धरा. त्याची लांब बाजू जेमतेम १२ मीटर. लाइनीची मध्यरेषा प्लॉटच्या हद्दीवरून गेली तरी एका बाजूचे साडेसतरा मीटर अख्खा प्लॉट गिळतात. बांधकाम परवानगी आणि महापारेषणची ना-हरकत हातात नसताना असा प्लॉट स्वस्त म्हणून घेणं म्हणजे नुसतं कुंपण विकत घेणं.

तयार घर घेताना वरचा मजला विसरू नका. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ती मर्यादा, कागदावर शिल्लक असतो, पण तार आड येते. पाण्याची टाकी उंचावर बसवायची, सोलर लावायचा, गच्चीवर पत्रे टाकायचे, सगळीकडे तोच अडथळा.

बँकेचं गणित लोक शेवटी करतात, ते आधी करा. समजा, घर ५० लाखांना ठरलं आणि लाइन पाहून बँकेच्या व्हॅल्युअरने ४२ लाखच धरले. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला मूल्याच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे ४० लाखांऐवजी ३३.६० लाखच मिळतील. फरकाचे ६.४० लाख जादा खिशातून. ही तयारी नसेल तर विसार देऊ नका.

विकणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे फोटोत मनोरा कापणं. गिऱ्हाईक गेटपाशी येऊन मान वर करतं आणि त्यानंतर तुमच्या पार्किंगवर, पाण्यावर, कशावरच त्याचा विश्वास बसत नाही. जाहिरातीतच लाइन सांगा. मोजणी नकाशा, मंजूर आराखडा, ना-हरकत यांची फाइल तयार ठेवा. भाव मागतानाही पलीकडच्या गल्लीतल्या नव्हे, लाइनीलगत झालेल्या व्यवहारांचे दस्त पाहा. टॉवरचा मोबदला पूर्वी कोणी घेतला होता का, हे घेणाऱ्याने विचारावं. मोबदला मिळाला तरी सातबारावरचं नाव तेच राहतं, त्यामुळे नुसता सातबारा पाहून उलगडा होत नाही.

लाइनीमुळे कॅन्सर होतो अशा फॉरवर्डवर सौदा मोडू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये विजेच्या लाइनीभोवती असतं तशा चुंबकीय क्षेत्राला 'कदाचित कर्ककारक' या गटात घातलं. त्यानेच कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं नाही. सर्वसामान्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस २०० मायक्रोटेस्लाची आहे आणि लाइनीखालीही मोजमाप सहसा त्याच्या बरंच खाली येतं. मोबाइल ॲपचा आकडा मात्र धरू नका, त्यातला सेन्सर होकायंत्रासाठी असतो. तरीही लहान मुलं असलेलं कुटुंब बिचकतंच, आणि भावाला त्यांची भीती पुरते.

साइट दुपारच्या उन्हात बघून परतू नका. जुलैतल्या ओल्या संध्याकाळी मोठ्या लाइनीची चर्रचर्र बेडरूमच्या खिडकीपर्यंत येते.

आणि 'लाइन लवकरच अंडरग्राउंड होणार' यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. खांबांवरची ११-२२ केव्हीची लाइन रीतसर अर्ज करून आणि खर्च सोसून हलवून घेता येते. २२० केव्ही जमिनीखालून न्यायची तर खर्च कैक पटींनी वाढतो. मंजुरीचं पत्र दाखवा म्हणावं, नसेल तर लाइन आहे तिथेच राहणार असं धरून भाव करा.